खालच्या पट्टीतली वृषाली चासकर

वृषाली चासकर गिटार शिकली ती कुणीतरी विसरून गेलेल्या गिटारवर. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळची ही मुलगी तेव्हा, २००६ साली, बारावीत होती. तिचे वडील हौशीराम पिकअप चालवत. आसपासच्या गावांतून टोमॅटोचे क्रेट उचलायचे आणि नारायणगावच्या बाजारात पोचवायचे, हे त्यांचं काम. पिकअपमधला टेप बंद पडला की ते नारायणगावातच कमरुद्दीनभाईंकडे जात. कमरुद्दीनभाई मूळ जुन्नरचे. ॲम्प्लिफायर, माईक, मिक्सर असलं सगळं ते दुरुस्त करत. तमाशाचे फड आणि लग्नातले ऑर्केस्ट्रा यांचं अर्धंअधिक सामान त्यांच्या टेबलावर पोट उघडून पडलेलं असे.

एकदा वृषाली वडिलांबरोबर तिथे गेली. भिंतीवरच्या खिळ्याला एक लाल इलेक्ट्रिक गिटार टांगलेली होती.

“ही कुणाची, चाचा?” तिने विचारलं.

“एका ऑर्केस्ट्राची हाये. चार वर्सं झाली. दुरुस्त केली, फोन केले, पन मानूस काय न्यायला येत न्हाई. वाजवता येती का तुला?”

“नाय.”

“मग ने. हितं नुसत्या तारा गंजत्यात. तो आला तर मागून घीन.”

हौशीराम म्हणाले, “कमरुद्दीनभाई, कशाला? बारावीचं वरीस हाये तिचं.”

“असू द्या ओ हौशीरामभाऊ. दुसऱ्या पोरी मोबाईल मागत्यात.”

तो माणूस कधीच आला नाही. गिटार वृषालीकडेच राहिली.

शिकवायला कुणी नव्हतं. कमरुद्दीनभाईंचा थोरला मुलगा फुरकान तेव्हा वीस वर्षांचा होता आणि एका ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवायचा. त्याला गिटार येत नव्हती, पण कुणाचं कुठे चुकलं ते त्याला लगेच कळायचं. वृषाली रविवारी एस.टी.ने नारायणगावला जायची, दुकानाच्या मागच्या खोलीत वाजवायची, आणि फुरकान समोर बसून “न्हाई, परत” एवढंच म्हणायचा. तिची आई भागूबाई हिला गाण्याची हरकत नव्हती. तिला वायरची भीती होती. गिटारची पिन बोर्डात घालताना पोरगीला करंट लागेल, म्हणून ती वर्षभर वृषालीला वाजवताना रबरी चप्पल घालायला लावत होती.

बारावीनंतर वृषाली पुण्याला कॉम्प्युटर सायन्सला गेली. कॉलेजच्या हॉस्टेलवर तिने पहिल्यांदा पाश्चात्त्य पद्धतीचं पॉप आणि रॉक मन लावून ऐकलं, आणि त्याच धर्तीवर गाणी लिहू लागली. सगळी इंग्रजीत. जुन्नर तालुक्यातल्या पिंपरी पेंढारचा भरत वेठेकर तिच्या वर्गात होता. तो बेस गिटार वाजवायचा. ड्रमसाठी तिने फुरकानला पुण्याला बोलावून घेतलं. २००९ साली तिघांचा बँड झाला. नाव काय ठेवायचं यावर महिनाभर वाद झाला. शेवटी हायवेच्या कडेला चहा पिताना भरत म्हणाला, “आपुन कुठं मेन रोडवर चालतोय? सर्व्हिस रोड ठेवा नाव.” तेच ठेवलं.

पहिली तीन वर्षं त्यांना कुणी विचारलं नाही. कॉलेजांच्या स्पर्धांत ते तिसरे-चौथे यायचे. एका स्पर्धेहून परतताना वृषाली आणि फुरकान यांचं भांडण झालं. कारण किरकोळ होतं, ड्रमचं एक स्टँड हॉलवरच राहिलं होतं. वृषाली तावातावाने बोलत होती. फुरकानने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “तू भांडतीस किती भारी! एक शब्द अडत न्हाई. आन् गायला लागलीस की डिक्शनरी उघडल्यावानी गातीस.”

ती त्याच्याशी आठवडाभर बोलली नाही. मग तिने मराठीत पहिलं गाणं लिहिलं. ‘थ्री फेज’.

शेतीच्या मोटरला लागणारी थ्री फेजची लाईट ठरावीक तासच येते, कधी दिवसा, कधी अवेळी, आणि माणूस त्या वेळापत्रकावर आपलं सगळं आयुष्य बसवतो, हे गावाकडच्या कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. वृषालीने ते एका बेभरवशाच्या प्रियकराला लावलं:

आठवड्याला तीन दिवस, तेही भलत्याच वेळी येतोस,
मोटर धरते पाणी इतक्यात पुन्हा निघून जातोस,
वेळापत्रक लाव ना रे भिंतीवर कुठेतरी,
तू थ्री फेजसारखा, आणि मी कोरडी सरी.

चाल सोपी होती, गिटार खरखरीत होती आणि शेवटच्या ओळीला ड्रम एकदम थांबायचे. २०१२च्या डिसेंबरात पुण्यातल्या एका महाविद्यालयात त्यांनी ते पहिल्यांदा वाजवलं, तेव्हा मैदानातल्या पोरांनी ते त्यांना लागोपाठ दोनदा म्हणायला लावलं. पुढच्या वर्षी त्याचा व्हिडिओ निघाला. तो भरतच्याच शेतात काढलेला होता, मोटरीच्या पेटीपुढे. मग कार्यक्रम येऊ लागले. नाशिक, कोल्हापूर, औरंगाबाद, मुंबईतले क्लब. तिघांनी एक जुनी व्हॅन घेतली. दोन अल्बम केले. वृषालीने पुढच्या पाच वर्षांत चाळीसेक गाणी लिहिली, त्यातली निम्मी लोकांना ठाऊक झाली.

मंचरला झालेला एक कार्यक्रम हौशीराम पुढच्या रांगेत बसून ऐकत होते. संपल्यावर ते मुलीला म्हणाले, “गानं चांगलं हाये. पन त्यो प्रियकर बहिरा हाये का गं? येवढं वरडून सांगतीस त्याला!”

वृषाली हसली. पण ते खरं होतं. ती फार वरच्या पट्टीत गायची आणि ओरडून गायची. लोकांना तेच आवडायचं.

२०१५ मध्ये भरतला चाकणच्या एका कंपनीत कायमची नोकरी लागली. लग्न ठरलं होतं, घरचे मागे लागले होते. त्याने बेस गिटार व्हॅनमध्येच ठेवली आणि म्हणाला, “लागली तर वापरा, राव. माझ्याच्यानं आता शनिवार-रविवार होनार न्हाई.” त्याच्या जागी दोघे-तिघे येऊन गेले. कुणी टिकलं नाही.

पुढच्या वर्षी मुंबईच्या एका संगीत कंपनीने ‘थ्री फेज’ एका सिनेमासाठी मागितलं. करार एकवीस पानांचा होता. वृषालीने पहिलं आणि शेवटचं पान वाचलं आणि सही केली. सिनेमा आला तेव्हा गाणं दुसऱ्याच गायिकेच्या आवाजात होतं, दीडपट वेगात, आणखी वरच्या पट्टीत, आणि ‘मी कोरडी सरी’च्या जागी ‘मी सुंदर परी’ होतं. कंपनीतल्या माणसाला तिने फोन केला.

तो म्हणाला, “मॅडम, सरी म्हणजे पावसाच्या ना? मग कोरडी कशी? टीमला ते चुकीचं वाटलं.”

“सरी म्हणजे ऊस लावायची सरी. शेतातली.”

“हो का? पण आता रेकॉर्ड झालंय. आणि बदल करायचा हक्क करारात आहे.”

होता. चौदाव्या पानावर.

त्याहून मोठा धक्का नंतर बसला. गाणं मोबाईलवर जिथे जिथे ऐकायला मिळत होतं, तिथे गीतकार म्हणून लिहिलं होतं, ‘पारंपरिक’. वृषाली सत्तावीस वर्षांची होती. तिने पत्रं लिहिली, एका वकिलाला गाठलं. चौदा महिन्यांनी ते दुरुस्त झालं. तोवर गणपतीत, वरातीत, हळदीत ते गाणं वाजून वाजून झालं होतं, आणि ते कुणी लिहिलं याचं कुणाला काही पडलं नव्हतं. तिच्याच चुलतबहिणीच्या हळदीत मंडपात ते लागलं, बायका नाचल्या, आणि बाजूची एक पाहुणी वृषालीला म्हणाली, “तू पण गाती ना गं? असलं गात जा काहीतरी.” वृषाली “हो” म्हणाली आणि हळद लावून घेतली.

मात्र त्याचा परिणाम कार्यक्रमांवर झाला. लोक आता ‘थ्री फेज’ सिनेमातल्या वेगात आणि सिनेमातल्या पट्टीत मागायचे. मूळ चालीत सुरू केलं की मागून शिट्ट्या येत. वृषालीने दीड वर्ष ते तसं गायलं. रोज थोडा घसा बसायचा, ती गरम पाणी पिऊन पुढच्या गावाला निघायची. २०१८च्या जानेवारीत एका कार्यक्रमात तिसऱ्याच गाण्याला तिच्या गळ्यातून नुसती हवा आली. तिने तोंड उघडलं, माईकसमोर उभी राहिली, आणि काही नाही. फुरकानने चार मिनिटं एकट्याने ड्रम वाजवून वेळ मारून नेली.

डॉक्टरांनी सांगितलं, स्वरतंतूंवर गाठी आहेत. पुण्यात ऑपरेशन झालं. पंधरा दिवस एक शब्दही बोलायचा नव्हता, सहा महिने गायचं नव्हतं. ते पंधरा दिवस ती महाळुंग्याला राहिली. हौशीराम तिला पिकअपमध्ये बरोबर न्यायचे. ती शेजारी बसायची, तेच बोलायचे. टोमॅटोच्या जाती, कुठल्या गावचा रस्ता कुणी खाल्ला, कुणाच्या विहिरीला पाणी लागलं. ती फोनवर लिहून उत्तर द्यायची आणि वडिलांना वाचता यावं म्हणून गाडी क्रेट भरायला किंवा चहाला थांबेपर्यंत थांबायची. नंतर ती म्हणायची की वडिलांशी इतकं बोलणं आधी कधी झालं नव्हतं.

आवाज परत आला, पण वरचे चार सूर आले नाहीत. तिने वर्षभर वाट पाहिली, पुण्याला एका बाईंकडे आवाजाचे व्यायाम केले. शेवटी त्या बाईच म्हणाल्या, “जे गेलंय त्याच्यामागे लागू नकोस. खाली बरंच आहे तुझ्याकडे, ते तू कधी बघितलंच नाहीस.” वृषालीला ते सांत्वन वाटलं. ती घरी निघून आली, नारायणगावातल्या एका शाळेत आठवड्यातून तीन दिवस कॉम्प्युटर शिकवू लागली. लाल गिटार तिने कपाटावर ठेवली. तीन वर्षं ती कुठेही गायली नाही. त्या काळात तिला राग येत होता की नाही, हे तिने कुणाला सांगितलं नाही. भागूबाईने एकदा विचारलं तेव्हा ती म्हणाली, “आई, कामात असते मी.”

फुरकान दरम्यान वडिलांचं दुकान बघू लागला होता. त्याचं इफराशी लग्न झालं. इफरा कीबोर्ड वाजवायची, आणि वृषालीने दुसऱ्या अल्बमनंतर लिहून टाकून दिलेली गाणी तिने नवऱ्याच्या जुन्या फोनमधून ऐकली होती. २०२२च्या उन्हाळ्यात ती फुरकानला घेऊन महाळुंग्याला आली. भागूबाईने चहा केला. इफराने सरळ विषय काढला.

“ताई, ही गाणी तुमी मुद्दाम वर घेतलीत का? शब्द खालचे वाटतात मला.”

“खालचे म्हंजे?”

“म्हंजे कुणी शेजारी बसून सांगावं तसे.”

फुरकानने कपाटावरची गिटार काढली, धूळ पुसली, तारा दोन सूर सैल केल्या आणि तिच्या मांडीवर ठेवली. तिने त्यातलं एक गाणं म्हटलं. निम्म्या आवाजात, बोलल्यासारखं. भागूबाई स्वयंपाकघरातून येऊन दारात उभी राहिली.

“न्हाई, परत,” फुरकान म्हणाला.

रेकॉर्डिंग त्यांनी गावातच केलं. स्टुडिओ परवडण्यातला नव्हता आणि वृषालीला पुण्याला जायचंही नव्हतं. फुरकानने माईक घेऊन शाळेचा हॉल, सोसायटीचं गोदाम, मंगल कार्यालय अशा चार जागा पाहिल्या. सगळीकडे आवाज घुमत होता. शेवटी हौशीरामांनी कांद्याची बराख दाखवली. लाकडी पट्ट्यांच्या भिंतींची लांब खोली, दोन्ही बाजूंना छातीपर्यंत कांदा भरलेला, मधून चालायला बोळ. फुरकानने बोळात उभं राहून एक टाळी वाजवली आणि कान दिला.

“अण्णा, हितं तर आवाज जागच्या जागी राहतोय. स्टुडिओवाले यासाठी भिंतीला काय काय चिकटवत्यात.”

“मग करा. फक्त कांदा तुडवू नका.”

उघड्या बाजूला गोधड्या बांधल्या. पत्रा तापायच्या आत, सकाळी सहा ते दहा काम चालायचं. ट्रॅक्टर गेला की थांबायचं, कोंबडा आरवला की थांबायचं. अकरा दिवसांत नऊ गाणी झाली. अल्बमचं नाव ‘खालची पट्टी’. चौथ्या गाण्यात मध्येच लाकडी पट्टीवर कांदा घरंगळल्याचा आवाज आहे. तो इफराने काढू दिला नाही.

‘खालची पट्टी’ला ‘थ्री फेज’च्या विसाव्या भागाइतकेही ऐकणारे मिळाले नाहीत. ज्यांनी ऐकली त्यांतले काहीजण मात्र पत्रं पाठवू लागले, लांबलचक, आपल्या घरच्या गोष्टी सांगणारी. वृषाली सगळ्यांना उत्तर देते, दोन-तीन ओळींत. बँड आता वर्षाला पंधरा-सोळा कार्यक्रम करतो. लहान हॉल, वाचनालयं, एखाद्या मित्राचं अंगण. बेस वाजवायला भरत येतो, त्याची शिफ्ट जमली तर. ‘थ्री फेज’ची मागणी अजून होते. ती गाते, तिच्या आताच्या आवाजात, सावकाश, ‘कोरडी सरी’सकट. कुणाला ते ओळखू येतं, कुणाला नाही.

तालुक्यातली गाणारी-वाजवणारी पोरंपोरी करार घेऊन तिच्याकडे येतात. शाळा सुटल्यावर ती त्यांच्याबरोबर बसून पान न् पान वाचते. मंचरची संस्कृती नावाची एक गायिका गेल्या दिवाळीत अशीच आली होती. वृषालीने तिचा करार वाचून तीन कलमांखाली रेघ मारली.

“हे बदलून दिलं न्हाई त्यांनी तर?” संस्कृतीने विचारलं.

“तर तुला ठरवायला लागेल.”

“तुमी काय केलं असतं, ताई?”

“तुझ्या वयात? सही,” वृषाली म्हणाली, आणि कागद तिच्यापुढे सरकवला.

संस्कृतीने सही केली की नाही हे तिने नंतर विचारलं नाही. या मार्चमध्ये ती छत्तीस वर्षांची झाली. सध्या तिची नवी सहा गाणी तयार आहेत, सातवं दुसऱ्या कडव्यापाशी अडलं आहे. इफरा म्हणते, गाणं आहे तेवढंच ठेवू. वृषालीला ते पटत नाही.