केळीच्या बागेतला हरवलेला बार

नोकरीतले बरेच गुन्हे आता आठवणीत एकमेकांत मिसळले आहेत. कोणता आरोपी कोणत्या ठाण्यातला, हेही कधी कधी सांगता येत नाही. चोपडा तालुक्यातल्या त्या केळीच्या बागेतला प्रसंग मात्र जसाच्या तसा डोळ्यांसमोर आहे.

तेव्हा त्या भागात तेलाचा शोध चालू होता. शेतात ठरलेल्या जागी बोअर मारायचे, तळाशी स्फोटक भरायचे, ते उडवायचे आणि जमिनीतून परत येणारे हादरे यंत्रावर टिपायचे, अशी ती पद्धत. आमच्याकडे विहीर खोदताना सुरुंग लावतात त्याला बार म्हणतात, म्हणून लोक यालाही बारच म्हणत. सर्वेक्षणाच्या जीपगाड्या आल्यापासून चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता. कुणाला स्वतःच्या शेतात तेल हवे होते, कुणाला शेजाऱ्याच्या शेतात नको होते.

एक दिवस सकाळची हजेरी चालू असतानाच कंत्राटदाराचा सुपरवायझर ठाण्यात आला. एक बार गहाळ झाला होता. आदल्या दिवशी उडवणारी टोळी बागेत गेली तेव्हा बोअरची जागा दाखवणारी झेंडी होती, पण तिथे बारची वायर नव्हती. भरणाऱ्याचे म्हणणे, मी भरला. म्हणजे कुणीतरी उपसून नेला. संशयित कोण असे विचारल्यावर त्याने क्षणभरही न थांबता शेतमालकाचे नाव सांगितले.

हा शेतमालक साठी ओलांडलेला, गावात सगळे त्याला आबा म्हणत. सर्वेक्षणाचे लोक पहिल्यांदा आले तेव्हा तो काठी घेऊन बांधावर उभा राहिला होता. कोणत्या दिवशी, कुठे खोदणार ते आधी लेखी कळवा, माझ्यासमोर उभ्या पिकाचा पंचनामा करा, मग आत या, असे त्याचे म्हणणे. जमिनीच्या पोटातले तेल सरकारचे, हे त्याला मान्य होते. वरची केळी माझी आहे, एवढेच तो सांगत होता. सुपरवायझरने त्याला जिल्ह्याच्या परवानगीचा कागद दाखवला. आबाने तो शांतपणे वाचला आणि यात माझ्या शेताचे नाव कुठे आहे, असे विचारले. पुढे आबा नात्यातल्या लग्नाला धरणगावला गेला आणि ही मंडळी त्याच्या मागे आत शिरली. बोअर मारून, केळीची खोडे तुडवून, दोन दिवसांत काम उरकून निघूनही गेली.

गहाळ झालेली वस्तू मोटारसायकल नव्हती, स्फोटक होते. फिर्याद दाखल होताच वरिष्ठांचे फोन सुरू झाले. त्यात आमच्या एका खबऱ्याने वर्दी दिली की आबाच्या शेडमध्ये लाल वायरचे भेंडोळे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. पंच घेऊन आम्ही झडती घेतली. भेंडोळे खरोखरच होते, शेजारी पिवळ्या झेंड्यांची मोळी. सुपरवायझरच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की तेल सापडल्यावरही इतका पसरला नसता.

आबाला चौकशीसाठी ठाण्यात बोलावले. तो धुतलेले धोतर नेसून आला, बाकावर बसला आणि पाणीसुद्धा मागितले नाही. बाहेर गावातली दहा माणसे उभी होती. स्फोटकांच्या कायद्याखाली नाव लागले की जामीन सहज होत नाही, हे त्याला कुणीतरी सांगितले होते. बागेची कापणी तोंडावर आली होती. व्यापाऱ्याचा ट्रक ठरला होता आणि घरात बाग सांभाळणारे दुसरे कुणी नव्हते. मी दोन-तीन प्रकारे विचारून पाहिले. उत्तर एकच.

"वायर मन्हाकडेच शे, साहेब. जेनी व्हई त्यानी मन्हा बांधवर ईसन मांगो."

बांधावर येऊन मागा, वायर देतो, एवढे तो सरळ सांगे. बार कुठे आहे, असे विचारले की मात्र तो माझ्याकडे असा बघे की मीच काही खुळ्यासारखे बोललो आहे. खोटे बोलणारा माणूस प्रश्नाच्या आधी तयारी करून येतो. त्याची उत्तरे गुळगुळीत असतात. आबाचे तसे नव्हते. त्याला राग आला होता आणि तो राग लपवावा असे त्याला वाटत नव्हते. मी त्याला अटक न करता बोलावू तेव्हा हजर राहा असे समजपत्र देऊन घरी पाठवले. सुपरवायझरने वरपर्यंत तक्रार केली. वरून मला विचारणा झाली. झडतीत मिळालेली वायर या लोकांनी शेतात पसरून ठेवलेल्या, हादरे मोजणाऱ्या यंत्राची आहे, लग्नाहून आल्यावर आबाने ती गोळा करून ठेवली, ती बारची नाही, असे मी कळवले. ते सुपरवायझरलाही माहीत होते, पण तो बोलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी घटनास्थळाचा पंचनामा पुन्हा करायला गेलो. नकाशावरची जागा बागेच्या कोपऱ्यात येत होती. तिथे एक कडुनिंब, त्याखाली शेंदूर फासलेला मुंजोबाचा दगड. आमच्याकडे बऱ्याच शेतांत असा मुंजोबा असतो. त्याच्या आसपासच्या जमिनीत कुणी लोखंड घालत नाही. नांगरसुद्धा वळसा घालून जातो. मी पंचांशी बोलत होतो आणि माझा हवालदार टेप घेऊन मोजमापाला निघाला. हा तिथलाच, पंचवीस वर्षे नोकरी झालेला, कायद्याला धरून चालणारा. झाडाच्या सावलीच्या अलीकडेच त्याने बूट काढले, टोपी काढली, आणि कडक उन्हात तापलेल्या मातीवरून अनवाणी चालत जाऊन माप घेतले. त्याला कुणी सांगितले नव्हते. आपण काही वेगळे केले, असे त्याच्या ध्यानातही नव्हते.

मी तिथेच थांबलो. हवालदार बूट घालून पुढे जात नाही, मग इथे बोअर मारला कुणी? मी खाली वाकून पाहिले. दगडाभोवतीची माती वर्षानुवर्षांची घट्ट होती. उपसल्याची खूण सोडाच, तिथे कधी काही खोदलेच गेले नव्हते. आम्ही सगळे चोर शोधत होतो, आणि वस्तू तिथे ठेवली होती का, हे कुणी पाहिलेच नव्हते.

बोअर मारणारी टोळी काम संपल्याच्याच संध्याकाळी दुसऱ्या कामावर पिंपळनेरकडे हलवली गेली होती. मी जीप काढून थेट तिकडे गेलो. टोळीचा मुकादम डोंगराच्या पायथ्याच्या गावातला, मध्यम वयाचा माणूस. वर्दी पाहून घाबरला, पण मी मुंजोबाचे नाव काढताच त्याला सुटल्यासारखे झाले.

"तठे लोखंड कसं घालसूत, साहेब? मुंजा बठेल शे तठे."

सुपरवायझरला सांगून उपयोग नव्हता. बाहेरच्या माणसाला काय कळणार, तो तिथेच खोदा म्हणाला असता, म्हणून टोळीने आपसांत ठरवून जागा सरकवली, झेंडी मात्र होती तिथेच राहिली. मुंजोबाला नारळ फोडला आणि बागेच्या पलीकडे मोकळ्या जागेत बोअर मारला. भरणारा साहेब रस्त्यावर जीपमध्ये बसून होता. त्याने तिथूनच स्फोटक हातात दिले आणि काम झाले असे समजला. गुरांचा पाय अडकू नये म्हणून या लोकांनी वायरीवर केळीची वाळकी पाने पसरली. सकाळी उडवणाऱ्या टोळीला जागा दाखवायची असे ठरले होते, पण सकाळी ते पिंपळनेरला होते.

मोकळी जागा म्हणजे नेमकी कोणती, असे मी विचारले.

"गाडवाटवर," तो म्हणाला.

गाडवाट म्हणजे बागेत गाडी जायची वाट, आणि कापणीचा ट्रक त्याच दिवशी येणार होता. ठाण्याला फोन लावला. हवालदार मोटारसायकलवर सुटला. तो पोहोचला तेव्हा दुसऱ्या बागेतल्या घडांनी अर्धा भरलेला ट्रक शेताच्या तोंडाशी वळत होता. त्याने आपली मोटारसायकल त्याच्यापुढे आडवी घातली. नंतर तज्ज्ञ म्हणाले की नुसत्या चाकाच्या दाबाने बार उडण्याची शक्यता कमीच होती. असेल. ट्रकमध्ये वर बसलेल्या मजुरांना मी ते सांगायला गेलो नाही.

मी मुकादमाला घेऊन परतलो तोवर बॉम्बशोधक पथक आले होते. कंत्राटदाराचे लोक आले होते, गाव जमले होते. सुपरवायझर सरळ आत निघाला. मी त्याला दंडाला धरून थांबवले. कायद्याने मला परवानगीची गरज नव्हती, हे मला ठाऊक होते. तरी मी बांधावर उभा राहिलो आणि आत असलेल्या आबाला हाक मारून विचारले, की आत येऊ का.

तो सावकाश जवळ आला. मला वाटले, आता दोन शब्द ऐकवील. त्याचा तेवढा हक्क होता.

"आजपावत बठ्ठा तसाच मझार उनात," तो म्हणाला. आजवर सगळे न विचारताच आत आले, असे त्याचे म्हणणे. "इचारं ते तुम्हीच. या."

मुकादमाने जागा दाखवली. पाने बाजूला केली तर वायर तशीच होती. सगळ्यांना दूर करून पथकाने तो बार जागेवरच उडवला. माती उडाली, दोन-चार केळी आडव्या झाल्या, आणि त्यांचा पंचनामा आबाच्या समोर झाला. चोरीचा गुन्हा घडलाच नाही, असा अहवाल मी पाठवला. परवानगी न घेता शेतात शिरणे आणि स्फोटकाबाबत निष्काळजीपणा, यांची वेगळी कारवाई सुरू केली.

या तपासाने मला दोन गोष्टी शिकवल्या. चोरी झाली म्हणणाऱ्याचे ऐकून घ्यावे, पण वस्तू जिथे होती म्हणतात ती जागा आधी स्वतः पाहावी. दुसरी गोष्ट कायद्याच्या पुस्तकातच होती, पण मला ती त्या बांधावर समजली. जमीनमालकाला आधी कळवायचे, त्याला समोर उभे करायचे, हा नियम त्याचा मान राखण्यापुरता नाही. आबा त्या दिवशी बागेत असता तर त्याने पहिल्याच मिनिटाला मुंजोबा दाखवला असता, दुसरी जागाही दाखवली असती आणि पुढचे काहीच झाले नसते.

पुढे त्याच बागेत पुन्हा बार घ्यायचा ठरला. या वेळी आबाच्या नावाने रीतसर नोटीस आली. मी मुद्दाम गेलो होतो. सुपरवायझर बांधावर उभा राहिला, खाली पाहत त्याने आत येऊ का असे विचारले आणि आपली वायर मागितली. ते भेंडोळे आबाने शेडमधून आणून त्याच्या हातात दिले. मग तो स्वतः पुढे झाला, मुंजोबाला वळसा घालून बागेच्या कडेला गेला, टाच रोवून मातीत खूण केली आणि म्हणाला, "आठे खंदा."

जमिनीखाली तेल निघाले की नाही, मी कधी विचारले नाही.