ढोम्याच्या डोक्यातले खडे: अलिबाग ते कुंभार पिंपळगाव

अलिबागच्या बाजारातून दोन खारवलेले ढोमे, तेही डोक्यासकट, पिशवीत घालून मी मराठवाड्याकडे निघालो, तेव्हा मासळीवाली बाई माझ्या शेंडीकडे आणि पिशवीकडे आळीपाळीने बघत होती. पन्नाशी जवळ आली तरी मासा मी पाहिला होता तो फक्त दशावताराच्या चित्रात, आणि तिथे त्याला खारवण्याची सोय नव्हती. पण काम साळवेसरांचं होतं.

साळवेसर जालन्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. पुण्याच्या एका ग्रंथालयात आमची ओळख झाली. मी माशांची संस्कृत नावं शोधत होतो आणि ते माशांची कुळं. समुद्राच्या तळाशी चरणारे ढोमे, घोळ वगैरे मासे एकाच कुलातले. त्यांची हाडं दगडात क्वचितच टिकतात, टिकतो तो डोक्यातला पांढरा खडा. माशाच्या कानात असतो आणि त्यावर तोल सांभाळला जातो. सरांना कच्छच्या दगडात असा एक खडा सापडला होता. तो ढोम्याच्या कुलातला, असं त्यांनी प्रबंधात लिहिलं. मार्गदर्शकांनी कळवलं की आजच्या ढोम्याचा खडा शेजारी ठेवून दाखवा, नाहीतर ते प्रकरण गाळा. त्या एका प्रकरणासाठी सरांच्या तीन उन्हाळी सुट्ट्या कच्छमध्ये गेल्या होत्या.

"औषधाच्या बाटलीतला मासा नको," त्यांनी मला बजावलं. "त्या औषधात आम्ल तयार होतं अन् खडा झिजतो. कॉलेजातले सगळे नमुने त्यानंच वाया गेले. मिठातला आणा."

पुण्याला मुक्काम करून तिथून पहाटेची एस.टी. धरली तर औरंगाबादला दुपारी सुखरूप पोचता येतं. सुखरूप हा शब्द पाठीच्या मणक्यांना लागू नाही. तिथून छोट्या रुळांची गाडी जालन्याला जाते. खिडकीची जागा मिळाली तर घ्या, आणि पिशवीत मासे असतील तर घ्याच. समोरच्या पागोटेवाल्या गृहस्थांनी दोन स्टेशनं कळ काढली.

"म्हाराज, काय हाय पिशवीत? वास मारून राह्यला."

"कॉलेजचं सामान आहे."

"कॉलेजात असलं शिकवतेत?" त्यांनी शेजाऱ्याकडे पाहिलं. "मंग आपलं पोरगं नापास झालं ते बराबरच झालं."

जालन्याचं स्टेशन जुन्या जालन्यात. तिथून टांगा करून कुंडलिका नदी ओलांडली की नवं जालनं लागतं: अरुंद गल्ल्या, धान्याच्या पोत्यांच्या थप्प्या, कापडाचे गठ्ठे आणि त्यांतून वाट काढणारा आपला टांगा. गल्लीतल्या खानावळीत ज्वारीची भाकरी आणि इतकी झणझणीत आमटी मिळाली की मला वैदिक अग्निसूक्तं नव्याने कळली. खानावळवाल्याने पिशवी मात्र बाहेरच्या खुंटीला टांगायला लावली. तिच्याखाली रात्रभर मांजरांची सभा होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी साळवेसर एस.टी. स्टँडवर भेटले. पिशवी त्यांनी अशी हातात घेतली की पाहुणा मी आहे की ढोमा, असा प्रश्न पडावा. कॉलेजला त्या दिवशी सुट्टी होती, म्हणून आधी त्यांच्या गावी जायचं ठरलं; अंबड आणि घनसावंगीवरून गाडी कुंभार पिंपळगावला जाते. वाटेत काळी माती, कपाशी, आणि धूळ इतकी की उतरताना सगळे प्रवासी एकाच वर्णाचे झालेले असतात.

"या सगळ्या खडकात एकसुद्धा मासा न्हाई," खिडकीबाहेर बोट करत सर म्हणाले. "लाव्हारसाचा दगड. समुद्र बघायचा तर आमाला कच्छ गाठावं लागतं."

मी त्यांना छेडलं, "आमच्यात कुळाची एवढी चौकशी फक्त लग्न जमवताना करतात."

"फरक हाय," ते हसून म्हणाले. "माशाचं कूळ त्याच्या डोक्यात काय हाय त्यावरून ठरवता येतं."

यावर मी जरा वेळ कपाशी बघितली.

घर नीटनेटकं, मातीचं. भिंतीवर बुद्धाची तसबीर. आबा, म्हणजे सरांचे वडील, ओट्यावर होते. सरांच्या आईला सगळे माय म्हणतात, मीही म्हणू लागलो. तिच्या हातचा चहा झाल्यावर सरांनी ढोमे उजेडात धरून परांचे काटे मोजले, खवले पाहिले, जात कोणती ते लिहून घेतलं. डोकं उद्या कॉलेजात नेऊन, भिंगाखाली, नाजूक हाताने उघडायचं ठरलं. पिशवी चुलीजवळच्या फळीवर गेली आणि आम्ही गावात फिरायला. बाजाराचा दिवस होता. मडकी, मिरच्या, बैलांच्या झुली बघत आम्ही उन्हं कलल्यावर परतलो.

दारातच लसणाचा वास आला. सर थबकले. फळी रिकामी होती.

"माय, मासळी कुठंय?"

"कुठं म्हंजे? चुलीवर." माय पदराला हात पुसत बाहेर आली. "पाव्हण्यानं आणलेली चीज काय बासी ठिवायची? त्याच दिवशी शिजवायची अन् त्यालाच पयली वाढायची. तुला रीत म्हाईत न्हाई का?"

साळवेसरांनी एकदम विचारलं, "चिंच घातली का? खरं सांग. आंबट काय घातलं?"

खडा चुन्याचा. आंबटात शिजला असेल तर त्यावरची बारीक खाच पुसली जाणार, आणि सारी ओळख त्या खाचेत.

"चिंच?" माय रागावलीच. "चिंच वरणाला. मासळीला मी जल्मात घातली न्हाई. कांदा, लसूण, तिखट, जवसाचं कूट. काय कमी पडलं रे तुला?"

सरांनी डोळे मिटून इतका मोठा श्वास सोडला की आबांनी चिलीम बाजूला ठेवली.

उजेड होता म्हणून पानं ओट्यावरच मांडली. मायने दोन्ही डोकी माझ्या ताटात वाढली. डोकं पाहुण्याचं, हीही रीत. माझा हात अडला. ते पाहून ती हळूच म्हणाली, "तुमी सोता मासळी घिऊन आले. मी म्हणलं, हे मानूस आपल्या घरी जेवायचं ठरवूनच निघालं. लई बरं वाटलं बघा."

आबा म्हणाले, "पयले तुमच्यातले आले की वट्ट्याखालूनच बोलून जायचे. पानीबी न्हाई."

प्रबंध, कूळ, कच्छ, सगळं क्षणभर बाजूला राहिलं. मी रश्शात भाकरी कुस्करली आणि जेवायला लागलो. उत्तम होतं. इतकं उत्तम की मी कामच विसरलो. दाढेखाली कट्ट वाजलं.

"थुका!" साळवेसर ओरडले. "चावू नका! थुका, थुका!"

माय चिडली. "आरं, पाव्हण्याला असं बोलतेत का?"

तळहातावर एक पांढरा खडा पडला, हरभऱ्याच्या डाळीपेक्षा थोडा मोठा, अभंग. दाढ माझी हलली, खडा नाही. उरलेले तीन सरांनी माझ्याच ताटातून काड्यांनी काढले. पाण्याने धुऊन, धोतराच्या टोकाने पुसून त्यांनी ते ओळीने मांडले, आणि बरोबर आणलेला, कापसात गुंडाळलेला कच्छचा खडा शेजारी ठेवला. खिशातलं भिंग त्यांनी आधी मला दिलं.

खड्याच्या आतल्या अंगावर बेडकाच्या पिल्लासारखी खाच होती: पुढे रुंद पोट, मागे वाकलेलं शेपूट. ताटातल्या खड्यावर होती, आणि कैक लाख वर्षांपूर्वीच्या कच्छच्या खड्यावरही तीच, तशीच.

भिंग आबांकडे गेलं, मग मायकडे. तिने बराच वेळ पाहिलं.

"एकाच घरचे हायेत की हे," ती म्हणाली. "न्हाई कोन म्हणून राह्यलं?"

सरांनी मार्गदर्शकांचं नाव सांगितलं. माय म्हणाली, "त्यास्नी बी बोलाव जेवाया."

परतीचा प्रवास तोच, धूळही तीच. पिशवी मात्र हलकी होती आणि शेजारी बसायला कुणाची हरकत नव्हती. जाणार असाल तर हिवाळ्यात जा, आणि कुणाच्या घरी उतरणार असाल तर काहीतरी शिजवण्याजोगं न्या.

चार खड्यांतला एक सरांनी मला दिला, दाढेखाली आला तोच. तो माझ्या टेबलावर संस्कृत कोशाशेजारी असतो. त्या कोशात ढोमा नाही. मी समासात लिहून ठेवला आहे.

गेल्या आठवड्यात साळवेसरांचं पत्र आलं. प्रकरण प्रबंधात राहिलं. कूळ मान्य झालं, प्रजातीवर अजून वाद आहे. मार्गदर्शकांनी एवढंच विचारलं की नमुने कसे तयार केले. सरांनी लिहिलं: 'डोकी मिठाच्या पाण्यात उकळली, आम्ल वापरलं नाही.' ते त्यांनी घरी वाचून दाखवलं, तर माय रुसून बसली आहे.

"लसूण का न्हाई लिहिला?" म्हणते.