चार काठांचं कापड

"तिला कशाला विचारायचं? ती हायच म्हणणार."

मी पडद्याच्या अलीकडे चहाचा ट्रे घेऊन उभी होते. पलीकडे आमच्या स्टुडिओच्या मालकीणबाई होत्या, त्यांना सगळे सेन्सेई म्हणत. बोलत होत्या त्या दुसऱ्या, माझ्या कितीतरी आधीपासून तिथं काम करणाऱ्या बाई. त्यांना मी सेन्पाई म्हणत असे. हाय म्हणजे जपानीत आपलं 'हो, बरं'. आणि ती म्हणजे मी.

"तरीपण," सेन्सेई म्हणाल्या, "वर्ष घातलंय तिनं त्यात."

"म्हणूनच विचारायचं नाही. विचारलं की वाईट वाटतं. नुसतं सांगितलं तर हाय म्हणेल आणि कामाला लागेल. गुणी मुलगी आहे."

सेन्सेई थोडंसं हसल्या. त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती, तीच तर पंचाईत होती. मी दोघींच्या बोलण्यात खंड पडायची वाट पाहिली, पडदा कोपरानं सारला आणि ट्रे ठेवला.

"इंदो-सान," सेन्सेई म्हणाल्या. माझं आडनाव त्यांच्या जिभेवर कधी बसलं नाही, म्हणून मी इंदो-सान, म्हणजे भारतबाई. "त्या शालीला आपण जरा आकार देऊ या. बाह्या, गळा. पुढून बंद होईल असं. बरं का?"

"हाय," मी म्हटलं.

चहा निवला होता.

माझं असं लहानपणापासूनच आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची. तिथं तोंडून मराठी शब्द गेला की बाकावर उभं राहायचं. घरी इंग्रजी शब्द गेला की चुलत भावंडं म्हणायची, "मडम आल्या, खुर्ची द्या." त्यामुळे प्रत्येक वाक्य आधी मनात तपासून घ्यायची सवय लागली, आणि तपासून होईपर्यंत मंडळी पुढच्या विषयावर गेलेली असत. पुण्यात वस्त्रकलेचा अभ्यास केला तेव्हा वाटलं, सुटले, हाताच्या कामात बोलावं लागत नाही. मग लग्न झालं. नवऱ्याला तोक्योच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअरचं काम मिळालं आणि आम्ही तिथल्या एदोगावा भागात, फुनाबोरीच्या दोन खोल्यांत राहायला आलो. नव्वदीचं दशक मध्यावर आलं होतं. आपली मोजकीच घरं होती तेव्हा तिथं. जपानी ही माझी तिसरी भाषा, आणि तिसऱ्या भाषेत तपासायला आणखी वेळ लागतो. हाय मात्र कुठंही चालतं.

स्टुडिओ स्टेशनपासून सायकलवर थोड्या अंतरावर होता. तिथं एका लग्नाच्या हॉलसाठी भाड्यानं द्यायचे समारंभाचे पोशाख तयार होत. जपानी नवरी लग्नविधीनंतर जेवणावळीच्या वेळी पोशाख बदलते, तो दुसरा, रंगीत पोशाख आम्ही करायचो. मंदी आली होती. हॉलला काहीतरी नवं हवं होतं. त्या वर्षांत स्टेशनांबाहेर दक्षिण अमेरिकेच्या डोंगरांतले बासरीवाले रंगीत शाली पांघरून वाजवत उभे असत आणि तरुण जोडपी त्यांच्यासमोर थांबत. हॉलच्या व्यवस्थापकांनी ते पाहिलं आणि फर्मावलं, अँडीज. सेन्सेईंनी जुन्या पुस्तकांच्या दुकानातून अँडीजच्या प्राचीन वस्त्रांवरचं एक जाडजूड पुस्तक आणलं. ते निघालं इंग्रजीत. अशी मी अर्धवेळ चहा करणारीची एकदम वाचणारी झाले, आणि मग "तूच काढ काहीतरी" म्हणून डिझाइन करणारी.

पुस्तकात चित्रं भरपूर होती. पायऱ्यापायऱ्यांचा क्रूस, चारही बाजूंना तीन-तीन पायऱ्या, मधोमध पोकळी. काही जणांच्या मते त्या पायऱ्या म्हणजे खालचं जग, आपलं जग आणि वरचं जग. हा अर्थ अलीकडे चिकटवलेला असावा, असंही तेच पुस्तक पुढे म्हणत होतं. मला हे आवडलं. खात्री नसलेल्या गोष्टीबद्दल खात्री नाही म्हणणारं पुस्तक.

पण मला धरून ठेवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. ते लोक कापड कापत नसत. ज्या मापाचं वस्त्र हवं, त्याच मापाचं विणायचं. ताण्याचा, म्हणजे उभा दोरा एकच, सलग, दोन दांड्यांभोवती फिरवलेला. त्यामुळे कापड मागावरून उतरवतानाही कात्री लागत नाही. चारही बाजूंना काठ. आपल्या साडीला काठ दोनच. उरलेली टोकं कापलेली असतात, म्हणून तर पदराला गोंडे बांधायचे आणि दुसऱ्या टोकाला पिको करून घ्यायचं, नाहीतर दोरे सुटतात. त्यांच्या कापडाला सुटण्यासारखं टोकच नव्हतं. विणून झालेलं कापड त्यांना जिवंत वाटे. दोन पट्टे जोडून शाल होई आणि मधल्या त्या शिवणीला विणणाऱ्या बायका काळीज म्हणत.

मला माझ्या लग्नातला अंतरपाट आठवला. कुणी दोघांनी धरलेलं साधं कापड, त्यावर कुंकवानं काढलेलं स्वस्तिक. सगळ्या समारंभात मला न बोलता उभं राहता आलं ते तेवढ्याच कापडाआड.

मग मी ठरवलं, शिवायचं नाही, विणायचं. मोठी शाल, दोन पट्ट्यांची, चार काठांची. नवरीच्या खांद्यांवरून येईल आणि छातीवर मोठ्या टाचणीनं अडकेल, तिकडच्या बायका अडकवत तशी. गडद लाल जमीन, कडेनं निळ्या पायऱ्या, आणि पाठीवर, मानेच्या जरा खाली, तो क्रूस, निम्मा एका पट्ट्यात, निम्मा दुसऱ्यात. स्टुडिओत जागा नव्हती, म्हणून फळ्या ठोकून घरच्या तातामीच्या, म्हणजे गवती चटयांच्या खोलीत माग उभा केला. नवरा दोऱ्यांखालून वाकून बाल्कनीत कपडे वाळत घालायला जाई. "ही झूल कुठल्या हत्तीसाठी?" तो विचारी. पण फळ्या त्यानंच ठोकून दिल्या होत्या.

या कामात सगळ्यात कठीण शेवट. कापड वरपर्यंत आलं की ताण्यात धोटा जायला जागा उरत नाही. मग सुईनं एकेक दोरा आडवा ओवत जायचं, आधी वीतभर, मग बोटभर, मग सुईसुद्धा वाकडी होते. दिवसभर काम करून कापड नखाएवढं पुढे सरके. त्या दिवसांत मी कुणाशीही बोलले नाही तरी मला न बोलल्यासारखं वाटत नसे.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या इचिकावाहून एक वहिनी आल्या होत्या, आम्हा तिथल्या मराठी बायकांत सगळ्यात थोरल्या. त्यांनी खोलीत डोकावून माग पाहिला. "अगं, एवढ्या वेळात घरात पाळणा हलला असता," त्या म्हणाल्या. सगळ्या हसल्या. मीही हसले आणि त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला. गोड बोला म्हणायचं असतं, ते म्हटलं.

शाल पुरी झाली तेव्हा मी ती स्टुडिओत नेऊन जमिनीवर पसरली. सेन्सेई गुडघ्यांवर बसल्या. त्यांनी एका कोपऱ्यापासून काठावरून बोट फिरवायला सुरुवात केली. त्या कापलेली बाजू शोधत होत्या. बोट चारही बाजूंनी फिरून परत पहिल्या कोपऱ्यावर आलं.

"याला टोक नाही," त्या म्हणाल्या.

एवढंच. आयुष्यात माझ्या कामाबद्दल कुणी इतकं नेमकं बोललं नव्हतं. त्या एका वाक्यावर माझे पुढचे कितीतरी दिवस निघाले.

मग हॉलचे व्यवस्थापक आले. ते फार सज्जन गृहस्थ. त्यांनी शालीला जवळजवळ नमस्कारच केला, आणि मग डोकं तिरकं करून दातांतून श्वास आत ओढला. तो आवाज ऐकला की समजायचं, नकार येतोय. नवरीला पोशाख बदलायला अगदी थोडा वेळ असतो, ते म्हणाले. शिवाय आमच्याकडे नवरी सारखी वाकते. सासऱ्यांसमोर वाकते, साहेबांसमोर वाकते. टाचणी निसटली आणि शाल भर जेवणावळीत खाली पडली, तर? पडणं शुभ नव्हे. तेव्हा जरा आकार दिला तर.

कापू या, असं ते म्हणाले नाहीत. कुणीच म्हणालं नाही. हॉलमध्ये मी पहिल्यांदा गेले तेव्हाच त्यांनी मला बजावलं होतं, लग्नाच्या ठिकाणी काही शब्द काढायचे नाहीत. तुटणं नाही, परतणं नाही, कापणं तर मुळीच नाही. लग्नाचा केकसुद्धा तिथं कापत नाहीत, त्यात सुरी 'घालतात'. शब्द पाळणारी माणसं होती ती. आम्ही त्यांचे पोशाख करायचो म्हणून स्टुडिओतही तीच भाषा. त्यामुळे माझ्या शालीबद्दल जे ठरलं, ते शेवटपर्यंत कुणी उच्चारलंच नाही. ज्याचा उच्चारच नाही त्याला नको तरी कसं म्हणायचं? निदान मी स्वतःला हे असंच समजावलं.

त्याच आठवड्यात मी ते पडद्याआडचं बोलणं ऐकलं.

बेतायच्या दिवशी शाल टेबलावर पालथी पसरलेली होती. सेन्पाईंनी खडूनं रेषा मारल्या होत्या. सेन्सेईंनी बाजूच्या रेषा सरळ ठेवायला लावल्या. किमोनोचं कापड सरळच कापतात, उसवलं तर पुन्हा जोडून अखंड करता येतं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. माझ्या बाजूनं त्यांना करता येण्यासारखं तेवढं त्यांनी केलं. पण हॉलला गळा गोल हवा होता, आणि गोल कापलेलं परत जोडता येत नाही. गळ्याची रेषा क्रूसाच्या वरच्या पायऱ्यांतून जात होती.

सेन्सेईंनी मोठी कात्री दोन्ही हातांवर आडवी धरून माझ्यापुढे केली. "पहिला हात तुझा," त्या म्हणाल्या. तो मान होता. त्यांच्या मते याहून मोठा मान त्या मला देऊ शकत नव्हत्या.

मी कात्री घेतली. मनात वाक्य तयार होतं, मराठीत, दोन शब्दांचं. त्याचं जपानी करायला घेतलं. कुठला आदरार्थी प्रत्यय, वाक्य नकारानं सुरू करावं की क्षमा मागून. दोघी शांतपणे थांबल्या होत्या. सेन्पाईंनी माझ्या सोयीसाठी दिवा जवळ ओढला.

लोकर कापताना आवाज फार कमी होतो. दोन पट्ट्यांमधली शिवण मध्ये आली तेव्हा तेवढी करकरली. कापल्या जागी दोरे लगेच उभे राहिले, अंगावर काटा यावा तसे. मी विणताना ते घट्ट ठोकले नव्हते. त्यांना कधी टोक येणार, हे मी धरलंच नव्हतं. सेन्पाई घाईनं म्हणाल्या, "अरेरे, आण इकडे, मशीन मारते, नाहीतर सगळं सुटेल." बाकीचं त्यांनीच बेतलं. फार सफाईनं बेतलं.

गळ्यातून निघालेला अर्धचंद्र त्यांनी फेकला नाही. त्यात भुसा भरून, खाली नवं कापड लावून त्यांनी मला टाचण्यांची उशी करून दिली. "तुला आठवण म्हणून," त्या म्हणाल्या. त्यावर क्रूसाच्या निळ्या पायऱ्या अजून दिसत. मी रोज त्यात टाचण्या खोचत होते. काम करणाऱ्या माणसाला टाचण्या कुठंतरी खोचाव्याच लागतात.

घरचा माग मी सोडून ठेवला. फळ्या बाल्कनीत उभ्या केल्या. नवरा म्हणाला, "आता खोली मोठी वाटते." मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "पुढची कधी लावतेस?" मी म्हटलं, बघू. पुढची नव्हती, हे मला तेव्हाच कळलं होतं. दोरा हातात घेतला की आधी त्याचं कापलेलं टोक दिसायचं. आजही दिसतं. पुढं मी बरंच काही शिवलं, दुरुस्त केलं, नमुने काढले. विणलं मात्र नाही.

वसंतात त्या पोशाखाला पहिली नवरी मिळाली. हॉलच्या खोलीत ती आरशासमोर उभी होती, माझ्याच वयाची, गालांवर खळ्या. लाल रंग तिला शोभत होता. बाह्या छान बसल्या होत्या. पाठीवर मात्र क्रूसाच्या जागी एक खालून वर चढणारा आणि गळ्यापाशी एकदम थांबणारा आकार होता, पण तो तिला दिसत नव्हता. तिनं बाहीची कड उलटून मशीनच्या शिलाईवरून बोट फिरवलं. सेन्सेईंचं बोट फिरलं होतं तसंच.

"हे सगळं हातानं विणलंय?" तिच्या आईनं विचारलं. "कुणी बरं?"

व्यवस्थापकांनी सेन्सेईंकडे पाहिलं. सेन्सेईंनी तळहात उघडून माझ्याकडे दाखवला. "हिनं," त्या म्हणाल्या. "एकटीनं. नाही का, इंदो-सान?"

नवरी वळून माझ्याकडे पाहत हसली. तिची आई आभारासाठी वाकायला लागली होती. सेन्पाई तोंडात टाचण्या धरून, मान खाली घालून खालची कड नीट करत होत्या. वर पाहायचं त्यांना कारणच नव्हतं. मी काय म्हणणार, ते त्यांना ठाऊक होतं.

"नाही," मी म्हटलं. "मी विणलेलं आम्ही कापून टाकलं."