आत्याबाईंचे आळोखेपिळोखे

गल्लीत तिला सगळे कानवाल्या ताई म्हणत. चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर तिची छोटी खोली होती आणि तिथे ती कमी ऐकू येणाऱ्यांना यंत्रं बसवून द्यायची. यंत्र कानामागे अडकवायचं, संगणकाला जोडायचं आणि पडद्याकडे बघत एकेका आवाजाचा समाचार घ्यायचा. पंख्याची घरघर खाली, नातवाचा बारीक आवाज वर, शिट्टी बंद. शेवटी ठरलेला प्रश्न, "आता स्वच्छ ऐकू येतंय का?" समोरचा चेहरा उजळला की तिचा दिवस सोन्याचा. हा प्रश्न तिच्या तोंडात इतका बसला होता की नवऱ्याशी भांडण झालं तरी शेवटी ती हेच विचारायची. नवरा सुतार, शहाणा माणूस. तो हो म्हणून रंधा उचलायचा.

सासूबाईंना सुनेच्या नावलौकिकाचं कौतुक होतं, पण ते सरळ सांगतील तर त्या सासूबाई कसल्या? शेजारणीला त्या म्हणायच्या, आमची सून कानामागून आली आणि तिखट झाली. यंत्रंही कानामागेच बसतात, त्यामुळे हा विनोद त्यांना कधी शिळा वाटला नाही.

त्या स्वतः तरी कुठे अळणी होत्या? तरुणपणी त्या एका बॅंडमध्ये सिंथेसायझर वाजवायच्या. हल्लीसारखं चपटं खेळणं नव्हे. लाकडी बाजूंचं, फिरवायच्या बटणांनी भरलेलं, विजेतून आवाज घडवणारं एक धूड. बॅंडवाले त्याला आत्याबाई म्हणत, कारण ते थंडीत रुसायचं, उकाड्यात चढायचं आणि चालू केल्यावर ताळ्यावर यायला वाटेल तेवढा वेळ घ्यायचं. पहिला सूर खालून निघायचा आणि आळोखेपिळोखे देत वर यायचा. ड्रमवाले काका वैतागून म्हणायचे, नमनाला घडाभर तेल. मग सासूबाई मान हलवून 'आत्याबाई उठल्या' अशी खूण करत आणि गाणं सुरू होई. आत्याबाईंना हात मात्र फक्त त्यांचा. दुसऱ्या कुणी बोट लावलं तर त्याची धडगत नसे.

पुढे एकदा आत काहीतरी जळलं. दुरुस्तीवाल्याने सांगितलं, हिचे सुटे भाग आता कुणी बनवत नाही. आत्याबाई सासूबाईंच्या खोलीत चादरीखाली गेल्या आणि त्यानंतर सासूबाईंनी कुठल्याच वाद्याला हात लावला नाही.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे बॅंड जिथे वाजवायचा तो जुना हॉल. मालकिणीने छप्पर दुरुस्त करून तो पुन्हा उघडायचं ठरवलं आणि पहिल्या संध्याकाळी जुन्याच बॅंडने वाजवावं असा हट्ट धरला. निरोप घेऊन ड्रमवाले काका आले, बरोबर सॅक्सोफोन वाजवणारे, ज्यांना सगळे फुंकर म्हणत तेही आले. सासूबाईंनी चहा दिला, दोघांच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि मग नकार दिला. आत्याबाई असत्या तर आले असते, म्हणाल्या. काका म्हणाले, आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, त्यापेक्षा एखादं नवं यंत्र घे. त्यावर सासूबाईंचं उत्तर तयार होतं. "दुधाची तहान ताकावर भागवायची नाही मला."

दोघं पडल्या चेहऱ्याने गेले. सून कप उचलायला आली तेव्हा तिला दिसलं, सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या आणि उजव्या हाताची बोटं टेबलाच्या काठावर अख्खं गाणं वाजवत होती. आईंनी त्या संध्याकाळी वाजवलंच पाहिजे, असं तिने तिथेच ठरवून टाकलं.

संगणकावर आवाज घडवायची एक सोय तिला माहीत होती. पडद्यावर चौकोन मांडायचे आणि त्यांना रेघांनी जोडायचं. एक चौकोन सूर काढतो, दुसरा तो चहासारखा गाळतो, तिसरा सूर कसा उठावा आणि कसा विरावा ते ठरवतो. आत्याबाईंच्या पोटातल्या जोडणीचा नकाशा तिने इंटरनेटवरून मिळवला, बॅंडची एक जुनी कॅसेट शोधून काढली आणि रोज काम संपलं की चौकोन जोडत बसू लागली. पहिला आवाज निघाला तो ऐकून समोरच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं. दुसऱ्या आवाजाला नवऱ्याने दार उघडून बघितलं, बकरी कुणाची म्हणून. ती हसली आणि पुन्हा रेघा सोडून पुन्हा जोडत राहिली. होता होता कॅसेटमधला सूर आणि पडद्यावरचा सूर एका आईची लेकरं वाटू लागले.

मग तिने लहानसा कीबोर्ड जोडला, स्पीकर लावले आणि सासूबाईंना बोलावलं. त्यांनी बोटं ठेवली. सूर निघाला तो लखलखीत, जागच्या जागी, केसाचाही फरक नाही. त्यांनी अर्धं गाणं वाजवलं आणि थांबल्या. सवयीने सुनेच्या तोंडून गेलंच.

"आता स्वच्छ ऐकू येतंय का?"

"स्वच्छ ऐकू येतंय," सासूबाई म्हणाल्या. "तेच तर चुकलंय गं."

सुनेला आधी वाटलं, वय झालं, कानांचा दोष असेल. सासूबाईंनी ते चेहऱ्यावरच वाचलं आणि माझे कान तूच तपासलेस, ठणठणीत आहेत म्हणालीस, अशी आठवण दिली. तिच्या पाठीवर हात फिरवून त्या स्वयंपाकघरात गेल्या. तो हात फिरवणं तिला जास्त लागलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

ती तशीच बसून राहिली. आणि मग तिला आठवलं की सासूबाई वाजवत होत्या उजव्याच हाताने. डावा हात सारखा कीबोर्डच्या डाव्या अंगाला जात होता, हवेत काहीतरी फिरवत होता आणि रिकामा परत येत होता. ती उठून स्वयंपाकघरात गेली.

"आई, तुमचा डावा हात तिथे काय शोधत होता?"

सासूबाईंनी स्वतःच्या हाताकडे बघितलं. हात काय करत होता हे त्यांच्याही आत्ताच ध्यानात आलं. "अगं, तिथे तिचं सुराचं बटण होतं. ती एका जागी राहायचीच नाही. जरा दुर्लक्ष झालं की घसरायची, की मी कान पिळून तिला वर आणायची. मूल कडेवर घेऊन एका हाताने स्वयंपाक करावा ना, तसं वाजवलं मी आयुष्यभर. आता कडेवर कुणी नाही, तर चैन पडेना."

सुनेने कपाळावर हात मारून घेतला. आपण दुकानावरच्या खोलीतलंच काम घरी केलं होतं. घरघर दिसली, काढून टाकली. सूर हलला, सरळ केला. दोन सुरांचं आपसात पटेना, पटवून दिलं. आत्याबाईंना तिने ठणठणीत बरं केलं होतं, आणि बऱ्या झालेल्या आत्याबाईंना कोण ओळखणार?

मग तिने बिघडवायला घेतलं. जन्मभर आवाजांना वळण लावणारी बाई आता एकेका सुराला वाया घालवत होती आणि असा आनंद तिला कधी झाला नव्हता. सूर खालून चढवला. चढल्यावर भटकायला मोकळा सोडला. घरघर परत आणली, दोन सुरांत पुन्हा थोडी भांडणं लावली. सासूबाईंनी चादर काढून आत्याबाईंचं ते बटण स्वतःच्या हाताने सोडवून दिलं. नवऱ्याने त्याला एक लाकडी डबी केली आणि सुनेने त्यातून संगणकाला तार जोडली. बटण फार झिजलंय, जरा घासून देऊ का, असं त्याने विचारलं मात्र, सासूसुना एकदमच नाही म्हणाल्या. लग्नानंतर या दोघींचं एकमत तो पहिल्यांदाच ऐकत होता.

सासूबाईंनी पट्टी दाबली. सूर खालून निघाला, कुरकुरला, आळोखेपिळोखे देत वर आला. डावा हात बटणावर जाऊन बसला. सासूबाई हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. "उठली गं बाई," म्हणाल्या. "काकांना फोन लाव."

हॉल त्या संध्याकाळी गच्च भरला होता. पहिला सूर रेंगाळत वर येऊ लागला तसे ड्रमवाले काका मोठ्याने म्हणाले, नमनाला घडाभर तेल. सासूबाईंनी मान हलवली. गाणं सुरू झालं. सून शेजारी बुटक्या स्टुलावर संगणक सांभाळत बसली होती. सूर घसरायचा, सासूबाई कान पिळायच्या, सूर वर यायचा, आणि फुंकर त्या घसरणीबरोबर असे झुलत होते, जणू मध्ये इतकी वर्षं गेलीच नव्हती.

गाण्याच्या मध्यावर सासूबाई सुनेकडे वाकल्या. तिचा हात धरून त्यांनी बटणावर ठेवला.

"धर तिचा कान."

"मी? आई, आत्याबाईंना तर..."

"कानातलं तुला कळतं. धर."

सुनेने डोळे मिटले. सूर खाली जायला लागला की ती बटण किंचित वळवायची, तो वर येऊन बसायचा आणि पुन्हा निसटायचा. आणि तिच्या कानावर काहीतरी नवीन येऊ लागलं. खालच्या पट्टीत, भरदार, आनंदाने धावणारं. तिने डोळे उघडले. सासूबाई दोन्ही हातांनी वाजवत होत्या. काकांचा एक ठोका चुकला, फुंकर वळून बघू लागले.

टाळ्या थांबेनात. काकांनी काड्या खाली ठेवल्या आणि विचारलं, हा डावा हात इतकी वर्षं कुठे लपवून ठेवला होतास?

"लपवला कुठे? आत्याबाईंना धरायला घरात दुसरं माणूस नव्हतं," सासूबाई म्हणाल्या.

सून अजून बटण धरूनच बसली होती. गाणं संपलेलं तिच्या लक्षातच आलं नव्हतं.