पोतं फुटलं हो

आमचे दाजी विरूपाक्षप्पा उदगीरच्या आडतीत पोती शिवायचे. हमालाचा हूक लागून पोतं फाटलं की आरोळी उठायची, "पोतं फुटलं हो!" आणि दाजी असतील तिथून दाभण-सुतळी घेऊन पळत सुटायचे. दाणा मातीत जाता कामा नये, एवढाच त्यांचा हट्ट. माझ्या थोरल्या बहिणीशी, गंगम्माआक्काशी, लग्न लागलं त्या दिवशीही ते पंगतीतून उष्ट्या हातानं उठून पळाले, कारण शेजारच्या दुकानात तुरीचं पोतं फुटलं होतं. आमचे वडील कपाळाला हात लावून म्हणाले, "पोरगी माणसाला दिली का बारदान्याला?" आक्का मात्र पदराआड हसत होती.

लातूर जिल्हा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. जिल्हा झाला की नळ येणार, असं सगळे म्हणायचे. उस्मानाबादला जाणारे अर्ज लातूरला जायला लागले, एवढाच काय तो फरक. पाणी कुठूनच आलं नाही. पाऊस लागोपाठ रुसला, विहिरी आटल्या आणि आडतीत पोतीच येईनात. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसं दाजींनी मठातून एक जाडजूड पोथी आणली.

पोथीत लिहिलं होतं की माणसाच्या आत पायऱ्या आहेत. त्या उतरत गेलं की तळं लागतं, तळ्यात उजेड असतो, आणि तिथं पोचलेला परत येत नाही. दाजी दिवसभर तेच वाचायचे आणि झोपेत तेच बघायचे.

"आज पायाला गारवा लागला बघ," ते आक्काला सांगायचे. "पाणी दिसलं न्हाई, पण आवाज येत होता."

"परत येत न्हाई म्हंजे काय हो?" आक्का विचारायची.

दाजी नुसते हसायचे. त्या हसण्याची मला चीड यायची. घरात प्यायला तांब्याभर पाणी नाही आणि हे तळ्यावर जाऊन आलेले!

एका दुपारी जेवून लवंडलेले दाजी उठले आणि चालायला लागले. डोळे उघडे, पण नजर भलतीकडे. आक्का हाका मारत मागून गेली, तर ते गल्लीमागच्या मोकळ्या रानात लिंबाखाली मांडी घालून बसले. गळ्यातलं इष्टलिंग सोडून डाव्या तळहातावर धरलेलं. थोड्या वेळानं डोळे चोळत म्हणाले, "मी हितं कसा?"

हे गल्लीतल्या गुरुलिंगअय्यांनी पाहिलं आणि सगळा घोळ तिथं झाला. पूजाअर्चा तेच करायचे, त्यांचा शब्द कुणी मोडत नसे. जमिनीतलं पाणी सांगणाऱ्या पाणाड्यानं दाखवलेल्या सगळ्या जागा कोरड्या निघाल्या होत्या. अय्या म्हणाले, "विरूपाक्षाला आतलं पाणी दिसायलंय. तो बसला तिथंच खड्डा खांदा."

लगेच कुदळी-फावडी आली. पाण्यासाठी तहानलेला माणूस कशावरही विश्वास ठेवतो, त्यांना मी फार बोलत नाही. पण खणणारे सगळे दुकानदार आणि हमाल. उपसलेली माती लांब टाकायची असते, हे कुणाच्या गावी नाही. त्यांनी ती खड्ड्याच्या काठावरच रचली. दीड पुरुष खोल गेल्यावरही नुसता मुरूम.

"त्याला झोपंत कुणी आडवू नका," अय्यांनी बजावलं. "नेमकी जागा तोच दावंल."

आक्का माझ्याकडे येऊन रडली. "शिवप्पा, गल्लीला पाणी पायजे, मला माणूस पायजे. काय करू रे?" मी म्हणालो, दाराला कडी घाल. तिनं घातली. पण दुसऱ्या दुपारी टँकर आला, ती घागर घेऊन पळाली आणि कडी उघडी राहिली.

मी पोचलो तेव्हा दाजी शिडीवरून खड्ड्यात उतरत होते. झोपेत, सावकाश, एकेका दांडीवर पाय चाचपत. त्यांच्या स्वप्नातल्या पायऱ्याच असाव्यात त्या. तळाशी जाऊन त्यांनी मांडी घातली, डाव्या तळहातावर लिंग घेतलं आणि मान ताठ करून बसले.

आम्हा लिंगायतांत मेलेल्या माणसाला असंच बसवतात. असाच खड्डा, अशीच मांडी, हातात लिंग. मग वरून माती.

काठावर गर्दी जमली होती. कुणी हात जोडलेले, कुणी बेलाची पानं खाली टाकतंय. आणि जो तो बघायला पुढं सरकतोय, तशी काठावरची माती ओघळून दाजींच्या खांद्यावर पडतेय. मी शिडीकडे धावलो, तर अय्यांनी माझा दंड धरला. "हात लावू नको! समाधी भंगली तर पाणी जाईल."

"अय्या, माणूस जाईल!" मी ओरडलो. पण दोघातिघांनी मला आवळून धरलं होतं. मातीच्या ढिगाला भेग पडलेली मला दिसत होती.

तेवढ्यात आक्का आली. डोक्यावर भरली घागर तशीच. तिनं खाली पाहिलं, मांडी पाहिली, हातातलं लिंग पाहिलं. घागर तिच्या हातून सुटली. तिनं नाव घेतलं नाही, रडली नाही. आडतीतला हमाल ओरडतो तशी बेंबीच्या देठापासून ओरडली, "पोतं फुटलं हो!"

दाजी खाडकन उठले. एका हातात लिंग, दुसऱ्यानं कमरेचं दाभण चाचपत तरातरा शिडी चढून वर आले आणि विचारलं, "कुठाय? कुणाचं?" आक्कानं त्यांचा सदरा धरून ओढलं. पाठोपाठ ढीग खचला आणि शिडीसकट अर्धा खड्डा भरून गेला.

आता तरी लोक तिचे पाय धरतील असं मला वाटलं. कशाचं काय! "बाईनं वरडून पाणी घालवलं," असं गल्ली म्हणायला लागली. तो सगळा उन्हाळा टँकरवर तिला रांगेत शेवटी उभं केलं.

दाजीसुद्धा त्या संध्याकाळी म्हणाले, "गंगे, का उठवलंस? तळं लागलंच होतं."

आक्कानं त्यांच्यापुढं भाकरी ठेवली. "आधी खा," म्हणाली. पुढं जन्मभर ती त्यांच्या पायाला सुतळी बांधून दुसरं टोक आपल्या मनगटाला गुंडाळून झोपली. त्यावरून मी तिला खूप चिडवलं.

दाजी गेले ते खूप म्हातारे होऊन, अंथरुणात. रिवाजाप्रमाणं त्यांना खड्ड्यात बसवलं, मांडी घालून, हातावर लिंग ठेवून. माती लोटायची वेळ झाली तेव्हा आक्का म्हणाली, "जरा थांबा." आम्हाला वाटलं, शेवटचा नमस्कार करेल. ती काठावर ओणवी झाली आणि हळूच म्हणाली, "पोतं फुटलं हो."

मग ती वाट बघत राहिली. तिला उठवायचं माझ्या जिवावर आलं होतं.