एका खोलीतले दोन धंदे

धारवालीची आणि हे लिहिणाऱ्या बाईची ओळख नगर परिषदेच्या प्रौढ साक्षरता वर्गात झाली. दोघींचे केस पांढरे झालेले होते आणि मागून फळा दिसत नसल्यामुळे दोघींना पुढच्याच बाकावर बसवले होते. पहिल्या दिवशी धारवालीने शेजारणीच्या हातातली पेन्सिल न विचारता काढून घेतली, पिशवीतल्या चाकूने तिला टोक केले आणि परत देताना म्हणाली, "बोथट हत्याराने काम करू नये. उगाच राग येतो." पुढे जे लिहिले आहे ते तिने बाकावर बसून सांगितलेले आहे. थोडे त्याच इमारतीत कानांनी ऐकलेलेही आहे.

धारवाली जुन्या बाजाराच्या पत्र्याच्या शेडमध्ये शिंप्यांच्या कात्र्यांना, खाटकांच्या सुऱ्यांना आणि न्हाव्यांच्या वस्तऱ्यांना धार लावीत असे. धंदा मूळचा नवऱ्याचा. नवरा गेला आणि घरात अजून माणसे समाचाराला येत होती, तेवढ्यात धाकट्या दिराने पायाने फिरवायचे ते मोठे चाक भंगारवाल्याला देऊन टाकले. "वहिनी काय चाक फिरवणार," एवढेच तो म्हणाला. वहिनीने डोळे पुसले, भंगारवाल्याचे आवार गाठले आणि भर रस्त्यातून ते चाक ढकलीत परत आणले. दीर कुलपे दुरुस्त करी, किल्ल्या बनवी. त्याचे दुकान तिच्या शेजारीच होते. त्या दिवसापासून दोघांचे बोलणे बंद झाले. इतकी वर्षे खेटून बसले, पण एकाने दुसऱ्याला वेळ विचारली नाही.

मग शेड पाडायचे ठरले. नगर परिषद आणि व्यापारी मंडळ यांनी मिळून लहान धंदेवाल्यांसाठी साहाय्य केंद्र उघडले. वर्ग वरच्या मजल्यावर भरे, केंद्र खाली होते. तिथे व्यापारी मंडळाने नेमलेला एक तरुण सल्लागार बसत असे. तो सतत हसत असे, म्हणून धारवाली त्याला हसरा म्हणे, आणि ते कौतुकाने म्हणत नसे.

"बाई, बाजाराच्या नव्या इमारतीत खोल्या कमी आहेत," हसऱ्याने तिला समजावले. "एकट्या धंद्याला देता येत नाही. दोन धंद्यांची जोडी लागते. तुमच्या शेजारचे कुलूपवाले तुमचे दीर ना? मग घरचीच जोडी झाली."

"घरची आहे म्हणूनच नको."

"भांडण काय, होतंच घरात. एकत्र बसलात की विसराल."

"साहेब, शेजारी शेजारीच बसतोय की आम्ही. तुम्ही शाळेत होता तेव्हापासून."

तिने पुष्कळ हेलपाटे घातले. न्हावी नको म्हणाला, शिंप्याची जोडी आधीच जमली होती. शेडचे पत्रे उतरू लागले तेव्हा ती खाली गेली आणि दिराच्या सहीखाली आपली सही केली. वर्गात शिकलेली सही तिने प्रथम तिथे वापरली, आणि या गोष्टीचे तिला कायम वाईट वाटत राहिले.

खोली चांगली होती, हे मान्य केले पाहिजे. भिंती पांढऱ्या होत्या, फरशी सरळ होती, एक खिडकी होती आणि एक नळ होता. कुलूपवाल्याने पहिल्याच सकाळी खडूने मधोमध रेघ मारली. खिडकी त्याच्याकडे आली, नळ तिच्याकडे आला. त्याला प्यायला पाणी लागे तेव्हा तो खालच्या चहावाल्याकडे जाई. तिला उजेड लागे तेव्हा ती दारात जाऊन पाते तिरपे धरून पाही. रेघ पुसट झाली की दोघांपैकी जो आधी येई तो ती पुन्हा ठळक करी. एवढ्या एका बाबतीत दोघांचे एकमत होते.

बोलणे गिऱ्हाइकांमार्फत चाले.

"शिंपीदादा, त्यांना सांगा, तुमच्या किल्ल्यांचा भुगा माझ्या पाण्यात पडतो."

"सांगा त्यांना, भांडं झाकायची पद्धत असते माणसांत."

"अहो, मी कात्री न्यायला आलोय," शिंपी म्हणे. "मला मध्ये कशाला घालता?"

असे करीत गिऱ्हाईक कमी होऊ लागले. लोक दारातून डोकावत आणि 'नंतर येतो' म्हणून सटकत.

हसऱ्याच्या कानावर हे गेले. तो खोलीत आला आणि नेमका रेघेवर उभा राहिला. समिती पाहणीला येणार होती. जोडी टिकणारी दिसली तर खोली पक्की, नाहीतर ती रांगेतल्या पुढच्या जोडीला जाणार होती. हे सांगताना मात्र तो हसला नाही.

"रोज एकमेकांसाठी एक छोटी गोष्ट करा," तो म्हणाला. "न सांगता करायची. आम्हाला प्रशिक्षणात शिकवलंय, याने फरक पडतो."

"तुमचं लग्न झालंय?" धारवालीने विचारले.

"झालंय की."

"बायकोशी बोलणं बंद ठेवून एकदा करून बघा. मग आम्हाला शिकवा."

कुलूपवाला खाली मान घालून कानशीने किल्ली घाशीत होता. त्याने ते ऐकले आणि मनावर घेतले. त्याला खोली हवी होती.

समितीच्या दिवशी तो लवकर आला. रेघ ओलांडून पलीकडे गेला. तिथे धारवालीचा शेवटचा हात फिरवायचा दगड ठेवलेला होता. मोठ्या चाकावर पाते नुसते ताळ्यावर येते, खरी धार या दगडावर चढते, आणि हा दगड पाणी पिणारा असतो. कुलूपवाल्याच्या धंद्यात जे कोरडे दिसेल त्याला तेल घालतात. कुलपाला तेल, बिजागरीला तेल, अडलेल्या किल्लीला तेल. दगड त्याला कोरडा दिसला. त्याने आपल्याजवळचे चांगले तेल त्यावर ओतले, मुरू दिले, फडक्याने पुसले आणि दगड होता तसा ठेवला.

धारवालीने येऊन दगडावर पाणी शिंपडले. पाण्याचे थेंब वर उभे राहिले आणि घरंगळून खाली गेले. तिने पुन्हा शिंपडले, मग दगडाला नाक लावले.

"हे कोणी केलं?" नवरा गेल्यानंतर दिराकडे बघून उच्चारलेले हे तिचे पहिले शब्द.

"मी केलं. भारीतलं तेल आहे."

"दगड कामातून गेला माझा."

"तेलाने कधी काही बिघडतं का, वहिनी?"

"तुमचं नाही बिघडत. हा आता पाणी धरणार नाही. पातं नुसतं घसरेल."

"चांगलं करायला गेलो तर हे," तो म्हणाला. "तुमच्याशी वागायचं तरी कसं माणसाने?"

"वागू नका. आधी चाक, आता दगड. माझे हात तेवढे राहिलेत, ते कधी नेताय?"

इतक्यात समिती दारात आली. पुढे हसरा, मागे नगर परिषदेच्या अध्यक्षबाई, त्यांच्या मागे व्यापारी मंडळाचे एक गृहस्थ. अध्यक्षबाईंनी खोलीभर नजर फिरवली.

"दीर-भावजय एकत्र धंदा करताहेत, कौतुक आहे. जमतंय ना?"

"अगदी छान," कुलूपवाला म्हणाला. "वहिनींचा आधार आहे मला."

हसरा अध्यक्षबाईंच्या पाठीमागून धारवालीकडे बघून मान हलवीत होता. एक होकार दिला असता तर खोली तिची होती. दगड दुसरा मिळाला असता. हे तिला त्या क्षणी ठाऊक होते, असे ती नंतर स्वतःच म्हणाली.

"खोटं बोलताहेत," ती म्हणाली. "आमचं जमत नाही. जमणारही नाही."

व्यापारी मंडळाचे गृहस्थ खोकले. हसऱ्याने पुढे येऊन हळू आवाजात म्हटले, "बाई, तुमच्या खोलीसाठी मी किती जणांशी वाईटपणा घेतला, तुम्हाला कल्पना नाही."

"मला विचारून घेतला होतात का?"

खोली गेली. ती चष्मेवाला आणि घड्याळवाला यांच्या जोडीला मिळाली. कुलूपवाला आता किल्ल्यांचा जुडगा खांद्यावर टाकून गल्ल्यांतून फिरतो. धारवाली एका न्हाव्याच्या मागच्या भिंतीला टेकून बसते, आणि न्हाव्याची मर्जी फिरेल त्या दिवशी उठणार आहे. "तुमच्या एका शब्दापायी माझंही गेलं," असे दीर तिला जिन्यात ओरडून म्हणाला होता. ते खरे होते, आणि वर्गात तिने ते कबूलही केले. "त्याचं नुकसान झालं," ती म्हणाली. "मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं." तेल त्याने भल्या बुद्धीने घातले असेल, असे शेजारणीने एकदा सुचवून पाहिले, तेव्हा धारवालीने वही मिटली आणि त्या दिवशी पुढे काहीही लिहिले नाही.

समिती त्या दिवशी खोलीतून निघाली तेव्हा अध्यक्षबाई उंबऱ्यात थांबल्या होत्या. त्याही चिडल्या होत्या. "एवढं सगळं करूनही तुमची तक्रारच. तुम्हाला हवंय तरी काय?" त्यांनी विचारले.

धारवालीने तेलाचे हात लुगड्याला पुसले.

"मला एकटीला जागा द्या," ती म्हणाली. "लहान असली तरी चालेल."