अर्ध्यावर अडकलेला काटा

डॉक्टरांचा धंदा दातांचा आणि नाद जुन्या जीपचा. धंद्यात त्यांनी नाव कमावलं होतं. नादात काय कमावलं ते त्यांची बायको पाहुण्यांना रंगवून सांगायची, म्हणून तिच्याआधी आपणच सांगून मोकळं व्हायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. "ही गाडी डोंगर चढायला बनवलीय," ते म्हणायचे, "आणि मी तिला दूध आणायला नेतो."

जीप त्यांनी पन्नाशीत घेतली, गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा. तिच्यासोबत एक टोपी, होकायंत्र आणि हातभर जाडीच्या वेटोळ्याचा दोरखंडही घेतला. होकायंत्राने आठ वर्षांत घर ते दवाखाना एवढीच दिशा दाखवली होती.

घरात थोरली बहीण असायची. बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं काढून निवृत्त झालेली. पाठीच्या दुखण्यामुळे तिला वाकायची बंदी होती. आजूबाजूचे सगळे तिला ताईच म्हणत. अठ्ठावन्न वर्षांचे, टक्कल पडलेले डॉक्टर मात्र तिच्या लेखी अजून 'छोट्या'च होते.

एका रविवारी सकाळी ताई म्हणाली, "छोट्या, डोंगरावरचा तलाव दाखवतोस का? आठ वर्षं नुसतं ऐकतेय."

डॉक्टरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. टोपी घालून निघाले. निम्मा चढ चढला आणि जीपने दोन आचके दिले नि ती गप्प झाली.

"टाकी अर्धी आहे," काट्याकडे बोट दाखवत डॉक्टर म्हणाले.

"चावी फिरव. मागून पंपाची घरघर येतेय का?"

नव्हती येत. "पंप गेला!" डॉक्टर जवळजवळ आनंदाने ओरडले. निदान झालं की त्यांना असंच व्हायचं, पेशंटला काय वाटेल याचं भान राहायचं नाही. एका टेम्पोवाल्याने जीप ओढत घरी आणली. दोरखंड एवढ्यासाठी तरी कामाला आला.

पंप आपणच बदलायचा, असं डॉक्टरांनी जाहीर केलं. आयुष्यभर अडचणीच्या जागी हात घालून बारीक काम केलेला माणूस, त्याला पंपाचं काय कौतुक! पुढच्या रविवारी नवा भाग अंगणात आला. एकाच सांगाड्यावर खाली पंप आणि बाजूला तारेच्या दांडीवर फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगून पुढच्या काट्याला हालहवाल कळवणारा गोळा. ताई खुर्ची टाकून बसली. "आधी बॅटरीची वायर काढ," ती म्हणाली. डॉक्टरांनी पाना उलटीकडे फिरवून ती आणखी घट्ट केली, मग काढली.

अर्धी टाकी रिकामी करायची म्हणून त्यांनी दोन मोठे कॅन आणि एक बादली मांडली. जीपखाली सरपटत जाऊन टाकीचं बूच उघडलं. बादलीत चमचाभर तांबूस पाणी पडलं आणि संपलं.

डॉक्टरांनी बादली बाहेर ढकलली.

"काय रे?" ताईने विचारलं.

"टाकी कोरडी ठणठणीत आहे."

"म्हणजे फ्लोट मध्येच अडकला होता. पेट्रोल संपत गेलं आणि काटा अर्ध्यावरच. पंप पेट्रोलात बुडालेला असतो तोवर थंड राहतो. तू त्याला कोरडा पळवलास, जळणार नाही तर काय?"

डॉक्टरांना जमीन दुभंगली तर बरं असं वाटलं, पण ते आधीच जमिनीवर पडलेले होते. गाडी बंद पडायच्या आधी तीन आठवडे आपण भेटेल त्याला काय सांगत होतो, ते त्यांना आठवत होतं. 'मी स्वतः ट्यूनिंग केलं आणि अ‍ॅव्हरेज असं वाढलंय, काटा हलायलाच तयार नाही!' केमिस्टने तर त्यांच्याकडून ट्यूनिंगची पद्धत लिहून घेतली होती.

पट्टे सोडून, जॅकवर तोलत टाकी खाली आली. जुना पंप निघाला, नवा बसला. मध्ये आत डोकावायला घेतलेला, दात तपासायचा छोटा आरसा टाकीत पडला. तो काढायला दुपार गेली. टाकी परत वर चढवून पट्टे आवळले.

"आत्ता पाचच लिटर टाक," ताई म्हणाली. "काटा हलतो का बघ, मगच पुढचं."

पण डॉक्टर आता हवेत होते. पेट्रोलने भरून आणलेले दोन्ही कॅन त्यांनी टाकीत ओतले, काठोकाठ. बॅटरी जोडली, चावी फिरवली. पंप घुरघुरला, इंजिन एका दमात सुरू झालं. डॉक्टरांनी काट्याकडे बघितलं. काटा तळाला होता. त्यांनी काचेवर टिचकी मारली. काटा ढिम्म.

"दांडी वाकवलीस बसवताना," खुर्चीतूनच ताई म्हणाली.

मग हातपंपाने ती चाळीस लिटर परत कॅनमध्ये उपसताना डॉक्टरांच्या दंडाला गोळे आले. बायको दारात येऊन एकदा बघून गेली. पाहुण्यांना सांगायला तिला आणखी एक गोष्ट मिळाली.

टाकी पुन्हा खाली आली तेव्हा ताई उठली. "वाकू नकोस," डॉक्टर म्हणाले. "मग टाकी वर आण," ती म्हणाली. त्यांनी टाकी बाकावर ठेवली. तिने दांडी अंगठ्याने सरळ केली, सांगाडा तिरका धरला, मनगट हळूच वळवलं आणि फ्लोट टाकीच्या भिंतीला न लागता आत सुटेपर्यंत थांबली. पुन्हा बाहेर काढला. "आता तू."

डॉक्टर तिच्या हातांकडे बघत राहिले. हे हात काय करत होते ते तीस वर्षांत एकदाही डेपोवर जाऊन आपण पाहिलं नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. स्वतःच्या दवाखान्याची पाटी मात्र तिला तीनदा नेऊन दाखवली होती.

"ताई, मी जरा गाढवच आहे."

"जरा?" ती म्हणाली. "मनगट वळव. घाई करू नकोस."

तिसऱ्या खेपेला जमलं. टाकी परत वर चढवली आणि या वेळी पाचच लिटर टाकलं. काटा थरथरत वर चढला आणि योग्य जागी थांबला. डॉक्टर ओतायचे थांबले की थांबायचा, आणखी ओतलं की सरकायचा. ते चार वेळा बघून आले.

पुढच्या रविवारी ते तलावावर पोचले. पाणी कमी होतं, काठावर चिखल होता, आणि ताई तासभर तिथे पाय पसरून बसली. निघताना तिने हात पुढे केला.

"चावी दे. उतरताना मी चालवते."

डॉक्टर शेजारच्या सीटवर बसले. पहिल्याच वळणावर त्यांनी दोन्ही हातांनी समोरचा आधाराचा दांडा धरला, टोपी मागे कुठेतरी उडून गेली, आणि ताई म्हणाली, "छोट्या, गाडी छान आहे रे. उगाच दुधाला नेत होतास."